गाडीतलं नेव्हिगेशन नाशकात नीट वापरायचं असेल तर

गाडीत एवढी मोठी स्क्रीन असते, मेनूत नेव्हिगेशन असतं, त्याचे पैसे गाडीच्या किमतीत भरलेले असतात, तरी बहुतेक जण मोबाईल केबलने जोडतात आणि त्याच्यावरच मॅप लावतात. शहरात चालून जातं. पण वणीच्या पुढे सापुताऱ्याच्या घाटात किंवा पेठ रोडला सावळघाटात शिरलात की रेंज ये-जा करायला लागते, आणि नेमका तिथे रस्ता चुकला की मोबाईल नवीन रस्ता शोधत नुसता फिरत बसतो. गाडीच्या सिस्टिमचा नकाशा गाडीतच असतो, मेमरीत किंवा एसडी कार्डात, आणि आपण कुठे आहोत हे तिला सॅटेलाइटवरून कळतं, त्याला नेट लागत नाही. नेट लागतं ते फक्त ट्रॅफिक बघायला. काही नव्या गाड्यांत नकाशापण ऑनलाइनच असतो, ते आधी तपासून घ्या: हॉटस्पॉट आणि गाडीचं नेट बंद करून शंभर किलोमीटर लांबचं एखादं गाव टाका, रस्ता निघाला तर नकाशा गाडीत आहे. नाही निघाला तर मेनूत ऑफलाइन मॅप डाउनलोडचा पर्याय असतो का बघा आणि महाराष्ट्राबरोबर गुजरातपण घ्या, सापुतारा गुजरातमध्ये येतं.

सेटिंग एकदाच, पण गाडी उभी असताना, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये निवांत बसून करा. बऱ्याच गाड्यांत चालू गाडीत कीबोर्ड बंदच होतो आणि ते बरोबरच आहे. आवाजाची भाषा मराठी असेल तर ती, नाहीतर हिंदी ठेवा, घरातल्या सगळ्यांना कळली पाहिजे. सूचनेचा आवाज गाण्याच्या आवाजापेक्षा वेगळा सेट होतो, पण तो बहुतेक गाड्यांत सूचना चालू असतानाच व्हॉल्यूमचं बटण फिरवलं तर बदलतो, म्हणून लोकांना वाटतं की बाई बोलतच नाही. नकाशा गाडीच्या दिशेने फिरणारा ठेवा, उत्तर कायम वर असलेला नकाशा चौकात गोंधळ करतो.

आता खरं काम, ठिकाण टाकणं. रस्ता चुकण्याचं निम्मं कारण इथेच असतं. ओझर टाकलं की दोन येतात, एक आपलं एअरपोर्टवालं आणि एक जुन्नरकडचं विघ्नहर गणपतीचं, अष्टविनायकातलं. वणी टाकलं की सप्तशृंगीची वणी येते तशी यवतमाळ जिल्ह्यातली वणीपण येते, ती पाचशे किलोमीटरच्या वर आहे. दिंडोरी तर मध्य प्रदेशात अख्खा जिल्हाच आहे त्या नावाचा. पिंपळगाव किती आहेत ते विचारूच नका, बसवंत, खांब आणि अजून कितीतरी. त्यामुळे नाव सिलेक्ट केलं की लगेच स्टार्ट दाबू नका, खाली किलोमीटर दाखवतात ते वाचा आणि तालुका-जिल्हा बघा. वणीला साधारण चाळीस किलोमीटर दाखवायला पाहिजे, आकडा भलताच वाटला तर मागे या. स्पेलिंगचंही तसंच, त्र्यंबकेश्वर कोणी आय घालून लिहितं कोणी वाय घालून, आणि सिस्टिमकडे एकच असतं, म्हणून पूर्ण नाव टाइप करत बसण्यापेक्षा पहिली तीन-चार अक्षरं टाकून यादी बघायची, नाही सापडलं तर दुसऱ्या स्पेलिंगने परत.

औरंगाबाद रोडची लॉन्स, गंगापूर धरणाकडची फार्महाऊस, मळ्यातली घरं, हे नावाने सापडत नाही. तिथे को-ऑर्डिनेट वापरा. मोबाईलच्या मॅपवर त्या जागी बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, ते गाडीत टाकायचे. आधी अक्षांश मग रेखांश, आणि आपल्या भागात पहिला १९ किंवा २० ने सुरू होतो, दुसरा ७३ किंवा ७४ ने, उलटं दिसलं तर उलटं टाकलंय. अजून एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. मोबाईल आकडा दशांशात देतो आणि काही गाड्या अंश-मिनिट-सेकंदात मागतात. २०.५० म्हणजे २० अंश ५० मिनिटं नाही, ती २० अंश ३० मिनिटं, कारण एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून पॉइंटनंतरच्या भागाला ६० ने गुणायचं. न गुणता तसंच टाकलंत तर ३५-४० किलोमीटर लांब जाल. आधी सेटिंगमध्ये दशांशाचा पर्याय आहे का ते शोधा, असला तर गुणाकाराची भानगडच नको.

रस्ता निघाला की सिस्टिम दोन-तीन पर्याय देते, तेव्हा पूर्ण रस्ता एकदा झूम आउट करून बघा. एक मिनिट लागतं. ‘शॉर्टेस्ट’ नका ठेवू, ‘फास्टेस्ट’ ठेवा, शॉर्टेस्ट कुठल्याही वाडीवस्तीच्या रस्त्याने काढतं आणि जुन्या नाशकात भद्रकाली नाहीतर सराफ बाजाराच्या बोळात नेऊन उभं करतं. आणि टोल टाळा हा पर्याय चालू राहिला असेल तर बंद करा, हे आवर्जून सांगतोय, कारण घोटी, पिंपळगाव बसवंत, पुण्याकडे शिंदे, नाशिकमधून मोठ्या हायवेने निघालात की टोल लागतो आणि तो टाळायला सिस्टिम आडरस्त्याने फिरवते. समृद्धी तर तिच्या यादीतूनच जाते. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून मुंबईला जाताना पिंप्री सदोवरून समृद्धी घेतली की कसारा घाट टळतो. तिथे जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि आत सॅटेलाइट मिळत नाही, पण बिल्ट-इन सिस्टिम चाकांच्या वेगावरून बाण पुढे सरकवत राहते, बाहेर पडेपर्यंत गाडी बऱ्यापैकी जागेवर दिसते. मोबाईलला सहसा चाकांचा वेग कळत नाही, त्याचा बाण आत बऱ्याचदा अडकतो.

आता नाशिकचा उड्डाणपूल. मुंबईकडून येताना पाथर्डी फाटा मागे पडला की वर जायचं का खाली राहायचं हे ठरवावं लागतं, आणि नेमकं तिथे कुठलंही नेव्हिगेशन गोंधळतं. कारण सोपं आहे, वरचा रस्ता आणि खालचा सर्व्हिस रोड नकाशावर जवळजवळ एकमेकांवर असतात, सॅटेलाइटच्या हिशोबात काही मीटर इकडे-तिकडे होतंच आणि उंची तर अजूनच अंदाजाने येते. म्हणून तुम्ही वर असता आणि ती सांगते डावीकडे वळा. यावर उपाय म्हणजे आधीच ठरवणं. सिडको, इंदिरानगर, मुंबई नाका, द्वारका, द्वारकेवरून पुणे रोड आणि नाशिकरोड, यापैकी कुठे जायचं असेल तर खालीच राहा. आडगाव, ओझर, धुळ्याकडे जायचं असेल तर वर. वर असताना वळायला सांगितलं तर ऐकू नका, सरळ जा, खाली उतरल्यावर ती आपोआप नवीन रस्ता काढते. पुलावर थांबून स्क्रीनकडे बघू तर अजिबात नका, मागून ट्रक येत असतात. नकाशाची स्केल १०० मीटरवर ठेवली तर वर जायचा फाटा आधी ओळखता येतो.

काही गोष्टी सिस्टिमला कळणारच नाहीत. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीला थांबवतात आणि सप्तशृंगी गडावर एसटीने जावं लागतं, नेव्हिगेशन मात्र सरळ गडापर्यंतचा रस्ता दाखवतं. त्या दिवसांत ठिकाण म्हणून नांदुरीच टाका. श्रावणी सोमवारी त्र्यंबकलाही गाड्या गावाबाहेर थांबवतात, सिंहस्थात तर हे सगळं कितीतरी मोठ्या प्रमाणावर होणार, तेव्हा निघायच्या आधी पोलिसांनी जाहीर केलेले वाहतुकीतले बदल वाचा आणि पार्किंगचीच जागा टाका. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाजवळचे छोटे पूल पाण्याखाली जातात आणि स्क्रीनवर तो रस्ता मोकळाच दिसतो. पाणी दिसलं तर मागे फिरा, बाई कितीही सांगू दे. काळारामाला जायचं असेल तर मंदिर टाकू नका, पंचवटीतलं पार्किंग टाका.

नकाशा जुना असेल तर गाडी समृद्धीवर असताना बाण शेतातून जाताना दिसतो. सेटिंगमध्ये सिस्टिम इन्फोत मॅपचं व्हर्जन असतं, त्यावरून तारीख कळते. अपडेट काही गाड्यांत वायफायवर होतं, काहींत कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घेऊन. पेनड्राइव्ह मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच फॉरमॅटचा घ्या, पूर्ण होईपर्यंत काढू नका, गाडीपण बंद करू नका, आणि वेळ लागतो म्हणून उघड्या जागेत इंजिन चालू ठेवून करा, बंद गॅरेजमध्ये धूर कोंडतो, ते जिवावर बेतू शकतं. एसडी कार्डवाली गाडी असेल तर कार्ड मित्राच्या गाडीत घालून बघू नका, बऱ्याचदा ते एकाच गाडीला बांधलेलं असतं.

बाण भलतीकडेच दिसत असेल, विशेषतः बेसमेंटमधून निघाल्यावर किंवा बॅटरी काढून लावल्यावर, तर उघड्या आभाळाखाली दोन-चार मिनिटं उभं राहा, सॅटेलाइट सापडले की जागेवर येतो. कायमच असं होत असेल तर काचेवरची फिल्म धातूच्या थराची आहे का ते बघा, तिने सिग्नल अडतो. आणि गाडी विकायच्या आधी फॅक्टरी रिसेट मारा, घराचा पत्ता आणि फिरलेली सगळी ठिकाणं त्यातच असतात.