आपत्ती येण्याआधी घर कसं सज्ज ठेवावं

वादळाचा इशारा आला की सगळ्यांची धावपळ सुरू होते. पण घर वाचवणारी बहुतेक कामं त्या दिवशी होत नाहीत. ती आधीच, हवा स्वच्छ असताना उरकावी लागतात, आणि त्यातली कितीतरी फुकटात होतात.

१. पाणी कुठवर येतं ते विचारा. परिसरात जुनी माणसं असतील तर मागच्या पुराची पातळी त्यांच्या लक्षात असते. तेवढ्या उंचीवर भिंतीला पेन्सिलने खूण करा आणि खुणेच्या खाली काय काय आहे ते बघा. इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रिजचा प्लग, कागदपत्रांची पेटी. जे उचलता येईल ते आजच वर हलवा.

२. तीन गोष्टी बंद करायला शिका. विजेचा मेन स्विच, गॅसचा व्हॉल्व्ह आणि पाण्याचा मुख्य कॉक. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला त्यांची जागा ठाऊक हवी. पाण्याचा कॉक वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो, म्हणून तो जाम होतो आणि ऐन वेळी हलतच नाही. वर्षातून दोनदा तरी बंद-चालू करून बघा. पाना लागत असेल तर तो तिथेच बांधून ठेवा. पाइपने येणाऱ्या गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह एकदा बंद केला, की तो पुन्हा चालू करायचं काम गॅस कंपनीच्या माणसाचं. आणि पायाखाली पाणी असताना मेन स्विचला हात लावायचा नाही, कितीही वाटलं तरी.

३. पुराचं पाणी दारातूनच येतं असं नाही. ड्रेनेज तुंबलं की ते मोरीतून आणि संडासातून उलटं वर येतं, तेही बाहेरचं सगळं घाण घेऊन. दाराशी पोती रचणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही. तळमजल्यावर राहत असाल तर सांडपाण्याच्या पाइपला प्लंबरकडून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारा, पण उलटं आत येऊ न देणारा) बसवून घ्या. माझ्या मते खर्च करायचाच तर आधी इथे करावा.

वाळूची पोती गच्च भरू नका. अर्ध्याहून थोडी जास्त भरली की ती दाबून एकमेकांना चिकटून बसतात. तोंड दुमडून पोत्याखाली घ्या, आणि विटांसारखे सांधे चुकवत थर लावा. त्याआधी जाड प्लास्टिक अंथरा, कारण नुसत्या पोत्यांतून पाणी झिरपतंच. गच्चीच्या जाळ्या आणि पन्हाळी पावसाळ्याआधी साफ करायच्या, हे सांगायलाही नको.

४. वाऱ्यासाठी. काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची पद्धत सोडून द्या. त्याने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे, धारदार तुकडे उडू शकतात. शटर किंवा जाड प्लायवूड हाच उपाय. प्लाय आधीच मापात कापून, भोकं पाडून, कुठल्या खिडकीचा ते लिहून ठेवा. खिडकी उघडी ठेवली की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो, हाही गैरसमजच. वारा आत शिरला की छप्पर उचकटायला त्याला सोपं जातं. कुंड्या, खुर्च्या, सुटे पत्रे आत घ्या. गच्चीवरची रिकामी टाकी भरून ठेवा.

५. भूकंपासाठी. उंच कपाटं आणि पुस्तकांची मांडणी एल-ब्रॅकेटने भिंतीला जखडा. स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये नको, विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. जड वस्तू खालच्या फळीवर. पलंगाच्या डोक्याशी काचेची तसबीर नको.

६. वणव्याचा धोका असेल तर घराभोवतीचा दीड मीटरचा पट्टा मोकळा ठेवा. सुका पाला नको, सरपण नको. अनेक घरं ज्वाळांनी नाही, उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात.

७. विम्याचे कागद. पॉलिसी काढून वाचा. पूर आणि भूकंप तुमच्या पॉलिसीत धरलेले आहेत की वेगळे घ्यावे लागतात, ते बघा. मग मोबाइल घेऊन घरभर फिरा, कपाटं उघडा, वस्तूंचे मॉडेल आणि सिरीयल नंबर बोलत बोलत व्हिडिओ काढा. त्याची एक प्रत घराबाहेर हवी: ऑनलाइन किंवा नातेवाइकांकडे.

८. वीज गेल्यावर जनरेटर लावणार असाल तर तो घरात किंवा बाल्कनीत नको, खिडक्या-दारांपासून किमान 6 मीटर लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही.