घरचा कचरा कुठं टाकायचा? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की मला फोन येतात. "माळ्यावरनं दोन पोती निघाल्यात, कुठं टाकायची?" पोत्यात काय आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सगळंच आहे." तिथंच घोळ झालेला असतो. बॅटरी एकीकडं जाते, ट्यूबलाइट दुसरीकडं, कपडे तिसरीकडं. एकदा मिसळलेलं पोतं मात्र कुणीच घेत नाही. ते शेवटी कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरच्या, म्हणजे महापालिकेच्या कचरा डेपोवरच्या ढिगातच जाऊन पडतं. म्हणून माळा उपसायच्या आधी जागा शोधा, आणि सामान उतरवतानाच वेगळं करा.

सगळ्यात जास्त त्रास मला एका चुकीचा होतो. जे नको असेल ते भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हायचं. लोखंड, रद्दी, पितळ त्याला जरूर द्या. लोखंडी भंगार शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वितळून पुन्हा कामाला येतं. पण घरातला जुना डबा टीव्ही मीही असाच दोनशे रुपयांना दिला होता. आठ-दहा दिवसांनी जयंती नाल्याच्या कडेनं जाताना तो दिसला. मागच्या बाजूला माझ्या मुलीनं चिकटवलेली फुलपाखरं होती, म्हणून ओळखला. आतली तांब्याची कॉइल काढून घेतलेली, पिक्चर ट्यूब फोडून तिथंच टाकलेली. त्या काचेत शिसं असतं. हा नाला पंचगंगेला मिळतो, आणि पंचगंगा इचलकरंजीवरून पुढं नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून गेलो, सापडल्या तेवढ्या काचा उचलल्या. बाकीच्या गाळात गेल्या त्या गेल्याच.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. वस्तू हातातनं सोडण्याआधी विचारतो, "दादा, हे पुढं कुठं जातं?" जागेचं नाव सांगितलं तर देतो. "जातं की कुठंतरी" म्हणाला, तर वस्तू परत घरात. टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइलसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेलाच माणूस शोधायचा. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच आहे, तिथं विचारा. नवीन वस्तू घेताना दुकानदारालाही जुनी परत घ्यायला सांगा. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत ही जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकलेली आहे.

दुसरी चूक उतावळ्यांची. मोबाइलवर 'ई-वेस्ट' शोधायचं, पहिलं नाव दिसलं की गाडी काढायची. तिथं गेल्यावर कळतं, दुकान बंद झालंय, नाहीतर एकटा मिक्सर कुणी घेत नाही. मग घरी परतताना पिशवी रस्त्याकडेच्या ढिगावर ठेवली जाते. ज्यांना सगळं रविवारी संध्याकाळच्या आत संपवायचं असतं, त्यांच्याकडून हे हमखास होतं. आधी फोन करा, किती माल असला तर घेता ते विचारा. आमच्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली एक खोकं ठेवलंय. सगळ्या घरांतली चार्जर, वायरी, बंद पडलेले फोन त्यात पडतात. खोकं भरायला सहा महिने लागले तरी चालतं, त्याचा वास येत नाही.

इन्व्हर्टरची बॅटरी नवीन घेताना जुनी त्याच दुकानात द्या, किंमत वजा होते. चार पैसे जास्त मिळतात म्हणून बाहेर विकलीत, तर तिच्यातलं ॲसिड गटारात ओतलं जाण्याची भीती असते.

बाथरूम फोडल्यावरचा राडारोडा रात्रीत नदीकाठी टाकू नका. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसाला तरी हे सांगावं लागू नये. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांपैकी महापालिकेचं जे विभागीय कार्यालय आपल्याला लागतं, तिथं जाऊन विचारा.

निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पंचगंगेत नको. मूर्तिदान करणारं आपलं गाव आहे.

ट्यूबलाइट आणि सीएफएल बल्बमध्ये पारा असतो. नवीन आणलेल्याच्या खोक्यात जुना घालून ठेवा. फुटलाच तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, झाडू न वापरता जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करा.

मुदत संपलेली गोळ्या-औषधं, रंगाचे डबे, कीटकनाशकाच्या बाटल्या, हा सगळा घरगुती घातक कचरा. घनकचऱ्याच्या नियमांनी तो ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा आहे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून द्या.

आणि इन्सुलिनच्या सुया कधीही सुट्या टाकू नका. आमच्याकडं कचरा न्यायला येणाऱ्या टिपरवरच्या मावशींनी एकदा मला अंगठा दाखवला होता, कुणाच्यातरी पिशवीतली सुई आत शिरलेली. आता आमच्या घरातल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जातात. झाकण घट्ट लावतो, वर मोठ्या अक्षरांत 'सुया' लिहितो आणि बाटली मावशींना सांगून हातात देतो.