डोंगरवाटांसाठी टिकाऊ आणि पकड देणारे फ्लॅट पेडल कसे निवडावे

माउंटन बाइकचे फ्लॅट पेडल, म्हणजे बूट न अडकवता नुसते पाऊल टेकवायचे सपाट पेडल, नवे असताना जवळपास प्रत्येकच चांगली पकड देते. पिना, म्हणजे बुटाच्या तळात रुतणारे छोटे खिळे, टोकदार असतात, ग्रीस ताजे असते आणि दुकानात हाताने फिरवून पाहिले तर ते छान गुळगुळीत फिरते. त्याची खरी पारख दोन पावसाळे उलटल्यावर होते, कारण तोवर पिना बोथट झालेल्या असतात, बेअरिंगमध्ये माती गेलेली असते आणि स्वस्त पेडल क्रँकवर, म्हणजे ते ज्या दांड्याला बसवतात त्यावर, डुगडुगू लागलेले असते. म्हणून पेडल निवडताना पकडीइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा मानावा : हे पेडल उघडता येते का, आणि त्याचे झिजणारे भाग वेगळे विकत मिळतात का? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर मध्यम किमतीचे पेडलही अनेक वर्षे साथ देते. ते नकारार्थी असेल, तर महागडे पेडलही वापरून फेकून देण्याची वस्तू ठरते.

कोल्हापूरच्या आसपास सायकल चालवणाऱ्यांना हा प्रश्न अधिक लागू पडतो. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर पन्हाळा आहे, आणि म्हाळुंग्याच्या बाजूने मसाई पठारावर चढले की चाकाखाली जांभा दगड येतो. हा दगड सच्छिद्र आणि खरखरीत असतो. पेडलचा खालचा कोपरा त्यावर आपटला तर धातू खरवडला जातो आणि पिनेचे डोके चेपते. पंचगंगेच्या काठाकडे उतरावे तर उसाच्या बांधांवरची चिकट काळी माती पिनांच्या मधल्या जागेत गच्च बसते. गगनबावडा किंवा राधानगरीच्या दिशेला पावसाळ्यात गेले की ओढ्यांतून सायकल घालावीच लागते, आणि चाकाचा आस पाण्याच्या वर असला तरी खालच्या टप्प्यावरचे पेडल पाण्यात बुडतेच. दगडाचा मार, चिखल आणि पाणी असे तिन्ही आघात एकाच हंगामात सोसणारे पेडल आपल्याला हवे आहे.

पकडीची सुरुवात पिनांपासून होते आणि टिकाऊपणाचा पहिला प्रश्नही तिथेच उभा राहतो. पिना ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात पिना पेडलच्या सांगाड्याबरोबरच ओतलेल्या असतात. त्या झिजल्या की पेडलच संपले, म्हणून डोंगरवाटांसाठी हा प्रकार विचारातच घेऊ नये. दुसऱ्या प्रकारात वरून बसवलेले ग्रब स्क्रू, म्हणजे वेगळे डोके नसलेले स्क्रू, असतात. ते बारीक आणि टोकदार असल्यामुळे बुटात चांगले रुततात, परंतु ॲलन की बसवण्याचा खळगा त्यांच्या वरच्या टोकालाच असतो. दगडावर आपटून ते टोक एकदा चेपले, की चावी बसत नाही आणि स्क्रू जागेवरच अडकून राहतो. तिसऱ्या प्रकारात पिन सांगाड्यातून आरपार जाते आणि विरुद्ध बाजूने घट्ट केली जाते. तिचे टोक कितीही चेपले तरी ती मागच्या बाजूने सोडवता येते. या वाटांसाठी हाच प्रकार सर्वांत शहाणपणाचा आहे, आणि दुकानात पेडल उलटसुलट करून पाहिले तर तो चटकन ओळखताही येतो.

पिनांची संख्या पाहण्यापेक्षा त्यांची जागा पाहावी. पकडीचे बहुतेक काम पुढच्या आणि मागच्या कडेच्या पिना करतात. मधल्या पिना उंच असतील तर बुटाचा तळ त्यांच्यावरच तोलला जातो आणि कडेच्या पिना अर्धवटच रुततात. प्रत्येक बाजूला आठ ते दहा पिना पुरेशा होतात. सांगाड्याच्या वर त्या साधारण ४ ते ५ मिलिमीटर उंच असाव्यात. काही पेडलांत पिनेखाली वॉशर घालून ही उंची कमीजास्त करता येते. ती सोय नवख्या चालकाला फार उपयोगी पडते, कारण पूर्ण उंचीच्या पिनांवर पाऊल एकदा बसले की ते सरकवून जागा बदलता येत नाही, उचलूनच टेकवावे लागते. पाय निसटला तर याच पिना नडगीवर येतात आणि जखम खोल होते. उतारांची सवय होईपर्यंत नडगीचे पॅड अवश्य वापरावेत.

पेडलचा आकार हा पकडीचा दुसरा भाग आहे. चांगल्या पेडलचा मधला भाग कडांपेक्षा किंचित खोल असतो. त्यामुळे पाऊल त्यात बसल्यासारखे होते आणि उतारावर टाच खाली दाबली की ते आणखी पक्के बसते. काही पेडलांचा मधला भाग ॲक्सलसाठी, म्हणजे पेडल ज्यावर फिरते त्या आसासाठी, जागा करण्याकरता उलट फुगीर ठेवलेला असतो. रस्त्यावर यातला फरक कळत नाही, पण दगडगोट्यांच्या उतारावर पाय हळूहळू पुढे सरकू लागतो. लांबी-रुंदी सुमारे १०० मिलिमीटर असलेले पेडल बहुतेकांना योग्य ठरते. पाऊल मोठे असेल तर ११० मिलिमीटरच्या आसपासचे घ्यावे. क्रँकब्रदर्सचे स्टॅम्प आणि शिमानोचे एक्सटी एम८१४० ही पेडले दोन मापांत मिळतात, आणि साधारण ९ नंबरच्या बुटापर्यंत लहान माप पुरते. अवाढव्य पेडलाचा मोह टाळावा, कारण अरुंद पायवाटेवर तेच आधी दगडाला लागते.

जाडीच्या बाबतीत मात्र प्रचलित मताशी माझे जमत नाही. पातळ पेडल दगडाला कमी लागते आणि पायाखाली स्थिर वाटते, हे खरे आहे. पण ११-१२ मिलिमीटरच्या सांगाड्यात मोठे बेअरिंग मावत नाही. तिथे बारीक बेअरिंग किंवा नुसते बुश, म्हणजे छर्रे नसलेली गुळगुळीत नळी, बसवावे लागते, आणि चिखलात तेच आधी झिजते. शर्यतीत भाग घेणाऱ्याने पातळ पेडल घ्यावे. दर रविवारी पन्हाळा किंवा जोतिबाकडे जाणाऱ्याने १५ ते १८ मिलिमीटर जाडीचे पेडल घेतले तर त्याचे काहीही बिघडणार नाही.

सांगाडा ॲल्युमिनियमचा घ्यावा की नायलॉनचा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. नायलॉन म्हणजे हलक्या दर्जाचे प्लास्टिक, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. चांगल्या नायलॉन पेडलात तंतूंनी बळकटी दिलेला सांगाडा, धातूच्या बदलता येणाऱ्या पिना आणि क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाचा ॲक्सल असतो. रेस फेसचे चेस्टर हे याचे परिचित उदाहरण आहे. जांभ्यावर आपटल्यावर ॲल्युमिनियमची कड खरवडून अडकते, तर नायलॉन बहुधा घसरून पुढे जाते. नायलॉनला गंज नाही आणि किंमतही कमी आहे. त्याची खरी मर्यादा पिनेच्या आट्यांत आहे. जोराच्या आघाताने पिन उपटली गेली तर नायलॉनमधले आटे जातात, म्हणून ज्यात पिनेला धातूचा नट दिलेला असतो असे नायलॉन पेडल निवडावे. उंच उड्या मारणाऱ्यांसाठी ॲल्युमिनियमच योग्य आहे. बाकीच्यांनी आधी नायलॉनचा विचार करावा.

आता ॲक्सल आणि बेअरिंग. पेडलचे आयुष्य इथेच ठरते, आणि बाहेरून मात्र यातले काहीच दिसत नाही. ॲक्सल क्रोमोलीचा असावा. टायटॅनियमच्या ॲक्सलने थोडे ग्रॅम वाचतात, पण किंमत फार वाढते आणि काही कंपन्या त्यासाठी चालकाच्या वजनाची मर्यादाही घालतात. ॲक्सलवर सांगाडा तीन प्रकारे फिरतो. छर्रे आणि कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूच्या आकाराचा नट) ही जुनी रचना आजही उत्तम आहे, कारण प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला तर कोन आवळून तो काढता येतो आणि छर्रे सहज मिळतात. शिमानोची अनेक पेडले याच रचनेची आहेत. दुसरी रचना सीलबंद कार्ट्रिज बेअरिंगची आहे. त्यात बेअरिंग खराब झाले की ते काढून नवे बसवायचे. तिसऱ्या रचनेत एका बाजूला बेअरिंग आणि क्रँककडच्या बाजूला बुश असते. बुश स्वस्त आणि पातळ असते, पण मातीचे कण आत गेले की ते वेगाने घासते. बुश असलेले पेडल घेतलेच, तर बुशचा संच वेगळा मिळतो याची आधी खात्री करून घ्यावी.

कार्ट्रिज बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो आणि तो टिपून ठेवावा. उदाहरणार्थ, ६८८ म्हणजे आतला व्यास ८ मिलिमीटर आणि बाहेरचा १६ मिलिमीटर. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. हा क्रमांक हाती असला की सायकलच्या दुकानावर अवलंबून राहावे लागत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक भागात फाउंड्री आणि मशीनशॉपसाठी माल ठेवणाऱ्या बेअरिंगच्या दुकानांत असे क्रमांक मागण्याची रीतच आहे. ग्रब स्क्रू, ॲलन की, ग्रीस या वस्तूही तिथे सुट्या मिळतात. यंत्रे दुरुस्त करून वापरणाऱ्या गावात राहण्याचा हा मोठा फायदा आहे, आणि पेडल निवडताना तो पुरेपूर वापरावा.

दुकानात पेडल हातात आल्यावर ते जोरात गरगर फिरवून किती वेळ फिरते ते पाहू नये. सील घट्ट असलेले नवे पेडल जरा जडच फिरते आणि ते चांगले लक्षण आहे. एका हाताने ॲक्सल धरावा, दुसऱ्या हाताने सांगाड्याचे बाहेरचे टोक वरखाली हलवावे आणि मग आतबाहेर ओढून पाहावे. बोटाला टक् असा बारीक धक्का जाणवला, तर नवेपणीच प्ले आहे असे समजावे. त्यानंतर बाहेरच्या टोकाचे झाकण पाहावे. त्याला चावीचा खळगा किंवा आटे असतील तर पेडल उघडते. झाकण ठोकून बंद केलेले असेल तर ते बहुधा उघडण्यासाठी बनवलेलेच नाही. शेवटी दुकानदाराला सुट्या पिना आणि दुरुस्तीच्या संचाबद्दल विचारावे, आणि मिळत असेल तर पेडलबरोबरच दहा-बारा पिना घेऊन ठेवाव्यात, कारण दोन वर्षांनी तोच नमुना बाजारात असेल याचा भरवसा नसतो.

बुटाबद्दल थोडक्यात सांगायचे तर तळ सपाट, रबरी आणि फार मऊ नसलेला हवा. धावण्याच्या बुटांचा फुगीर, स्पंजासारखा तळ पिनांवर डगमगतो आणि लवकर फाटतो. चामडी तळाची कोल्हापुरी चप्पल घालून पिनांच्या पेडलावर कधीही चढू नये. पाऊल ठेवताना चवड्याच्या किंचित मागचा भाग ॲक्सलवर येऊ द्यावा.

पेडल बसवताना डावे-उजवे ओळखणे आवश्यक आहे. ॲक्सलवर इंग्रजी एल किंवा आर हे अक्षर कोरलेले असते. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, तर डाव्याचे उलटे असतात, कारण पेडल मारताना ॲक्सलवर फिरत राहणारा दाब साधे आटे हळूहळू सोडवत नेतो. बहुतेक मोठ्या सायकलींच्या क्रँकचे आटे ९/१६ इंचाचे असतात. मुलांच्या आणि काही स्वस्त सायकलींच्या एकसंध क्रँकला मात्र १/२ इंचाचे पेडल लागते, म्हणून खरेदीआधी जुने पेडल मोजून घ्यावे. आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले चार-पाच वेढे बोटांनीच द्यावेत. पोलादी ॲक्सल तिरका घुसला तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे लगेच जातात. त्यानंतर १५ मिलिमीटरच्या पान्ह्याने किंवा आतल्या बाजूने ॲलन कीने ३५ ते ४० न्यूटन मीटरपर्यंत आवळावे. पिनांच्या आट्यांना मात्र ग्रीस न लावता निळे लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) एकेक थेंब लावावे, म्हणजे त्या खडखडीने सुटणार नाहीत आणि काढायच्या वेळी अडणारही नाहीत.

पेडल पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा उघडावे. बहुतेक पेडलांत बाहेरचे झाकण काढले की आत छोटा नट दिसतो. तो सोडवला की सांगाडा ॲक्सलवरून सरळ निघतो. आतले ग्रीस बोटांवर घेऊन चोळावे. ते मऊ आणि एकसारखे लागले तर सील शाबूत आहे. तांबूस झाले असेल आणि बोटांमध्ये रेतीसारखे कचकचत असेल, तर क्रँककडच्या सीलमधून माती आत आली आहे. सगळे रॉकेलने धुऊन पूर्ण सुकवावे, नवे ग्रीस भरावे आणि सीलची कड फाटली असेल तर सील त्याच वेळी बदलावे. सायकल धुताना सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पंपाचा झोत पेडलच्या आतल्या कडेवर धरू देऊ नये, कारण तो झोत सील ओलांडून ग्रीस धुऊन नेतो. बादलीतले पाणी आणि जुना ब्रश पुरेसा होतो.

पिना, बुश, बेअरिंग, सील हे सगळे बदलून वापरावे, पण वाकलेल्या ॲक्सलला हा नियम लावू नये. पेडल फिरताना त्याचे टोक डोलत असेल किंवा पावलाला प्रत्येक फेरीत एकदा कलल्यासारखे जाणवत असेल, तर ॲक्सल काढून काचेवर लोळवून पाहावा. उद्यमनगरातला कुशल कारागीर तो प्रेसखाली सरळ करून देऊ शकेल, तरीही करून घेऊ नये. उष्णतेने कडक केलेले पोलाद एकदा वाकून पुन्हा सरळ केले, की आट्यांच्या मुळाशी बारीक भेग धरण्याची शक्यता असते, आणि असा ॲक्सल उतारावर संपूर्ण वजन पायांवर असतानाच तुटतो. सुटा ॲक्सल मिळत असेल तर तो घ्यावा, नसेल तर नवी जोडी घ्यावी आणि जुन्या पेडलच्या चांगल्या पिना काढून डब्यात ठेवाव्यात.