परदेशातील चर्चच्या सेवाकार्यातून बेघर माणसांशी मैत्री कशी करावी

परदेशात एखाद्या ख्रिस्ती संस्थेच्या वतीने बेघर माणसांमध्ये काम करू लागलेल्या स्वयंसेवकाच्या हाती पहिल्या दिवशी बहुधा सूपचा डाव किंवा चहाची किटली दिली जाते, आणि पुष्कळ जण वर्षभर तेवढेच करत राहतात. वाढण्याचे काम आवश्यक आहेच. परंतु वाढणारा आणि घेणारा यांच्यामध्ये टेबल असते, आणि मैत्री करायची तर त्या टेबलाच्या पलीकडे जाऊन बसावे लागते.

संस्था निवडताना तिच्या नावाच्या मोठेपणापेक्षा तिथे तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात का, हे पाहावे. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचे काम १८६५ मध्ये लंडनच्या ईस्ट एंड भागात सुरू झाले आणि आज ते शंभरहून अधिक देशांत चालते. फ्रेदेरिक ओझानाम आणि त्यांच्या सहविद्यार्थ्यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा भर प्रारंभापासून गरिबाच्या घरी स्वतः जाऊन भेटण्यावर राहिला आहे. रोममध्ये १९६८ मध्ये स्थापन झालेला सांत एजिदिओ हा समुदाय तर गरिबांशी मैत्री हेच आपले काम मानतो. १९८२ पासून नाताळच्या दिवशी तो त्रास्तेवेरे भागातील सांता मारिया या प्राचीन चर्चमध्ये गरिबांसोबत जेवणाची पंगत मांडतो, आणि यजमानही पाहुण्यांच्या शेजारीच बसतात. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात काही ठिकाणी अनेक चर्च आठवड्यातील एकेक रात्र वाटून घेऊन निवारा चालवतात. तेथे रात्रभर थांबण्याच्या पाळीपेक्षा संध्याकाळच्या जेवणाची पाळी मागून घ्यावी, कारण गप्पा जेवतानाच होतात.

कागदपत्रांचा विचार आधी करावा. पगार नसला तरी स्वयंसेवेला व्हिसाचे नियम लागू होऊ शकतात. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंतच काम करता येते. अनेक संस्था पूर्वचारित्र्याची पडताळणीही करतात आणि तिला काही आठवडे लागू शकतात. आपण ख्रिस्ती नसाल तर ते अर्जातच स्पष्ट लिहावे. बहुतेक संस्थांची त्याला हरकत नसते, मात्र प्रार्थनेच्या वेळी आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे आधी विचारून घेतलेले बरे.

यानंतरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वार आणि वेळ ठरवून घेणे व ती पाळणे. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने कधी ना कधी एखाद्या कार्यालयाकडून, नातेवाइकाकडून किंवा आपल्यासारख्याच उत्साही स्वयंसेवकाकडून ‘पुन्हा येतो’ हे ऐकलेले असते, आणि त्यातले किती जण आले, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून दर मंगळवारी एक तास देता येणार असेल तर तेवढेच कबूल करावे. महिन्यातून एक आख्खा दिवस देणाऱ्यापेक्षा असा माणूस लवकर ओळखीचा होतो. येणे जमणार नसेल तर तसा निरोप समन्वयकामार्फत आवर्जून पोहोचवावा.

रस्त्यावर भेटायला जाताना दोघांनी मिळून जावे, मात्र घोळक्याने जाऊ नये. झोपलेल्याला उठवू नये. स्लीपिंग बॅग पसरलेली जागा ही त्या माणसाची खोली आहे असे समजून थोड्या अंतरावर थांबावे, आधी आपले नाव सांगावे, ‘इथे बसू का?’ असे विचारावे, आणि होकार मिळाल्यावर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल असे बसावे. नकार मिळाल्यास हसून पुढे जावे. नकार देण्याची संधी त्या माणसाच्या दिवसात फार थोड्या वेळा येते, तेव्हा त्याचा मान राखणे हीसुद्धा ओळखीची सुरुवातच असते.

नाव कळल्यावर ते लक्षात ठेवावे. मोदेस्ता वालेंती ही बेघर वृद्धा १९८३ च्या जानेवारीत रोमच्या तेर्मिनी स्थानकावर वारली. ती अस्वच्छ असल्यामुळे रुग्णवाहिकेने तिला नेण्यास नकार दिला होता. सांत एजिदिओ समुदाय दरवर्षी तिचे स्मरण करतो आणि त्या वेळी रस्त्यावर मरण पावलेल्या इतरांचीही नावे घेतो. रोम महापालिकेने बेघरांच्या नोंदणीसाठी ठरवलेल्या कागदोपत्री पत्त्यालाही आज तिचेच नाव आहे.

‘तुमच्यावर ही वेळ कशी आली?’ हा प्रश्न विचारू नये. तो प्रत्येक अर्जाच्या वेळी विचारला गेलेला असतो. फुटबॉल, हवामान, सोबतचा कुत्रा, हातातले पुस्तक, यांवर बोलावे आणि स्वतःविषयीही काही सांगावे. परदेशातून आलेल्या स्वयंसेवकाला इथे एक सोय असते, कारण त्या शहराची माहिती समोरच्या माणसाला त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक असते आणि ती विचारता येते. खाण्याचे काही न्यायचे असेल तर आधी विचारावे. दात दुखत असतील तर कडक फळाचा उपयोग नसतो, कोरडे मोजे मात्र सहसा उपयोगी पडतात. छायाचित्र काढू नये, मग हेतू कितीही चांगला असो.

श्रद्धेविषयी समोरच्याने विचारले तर प्रामाणिकपणे बोलावे. प्रार्थना करावी अशी इच्छा त्याने व्यक्त केली तर करावी. परंतु जेवणाच्या आधी प्रवचन ऐकण्याची सक्ती जिथे असते, तिथे मैत्री रुजणे कठीण, असे माझे स्पष्ट मत आहे. रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेली आचारसंहिता आपत्तीतील मदतीसाठी असली, तरी मदतीचा वापर धर्ममत पुढे नेण्यासाठी करू नये, हे त्यातले तत्त्व इथेही उपयोगी पडते.

पैसे उसने देऊ नयेत, घराचा पत्ता देऊ नये, आणि घर किंवा नोकरी मिळवून देण्याचे आश्वासन तर मुळीच देऊ नये. असे प्रश्न संस्थेच्या प्रशिक्षित कार्यकर्त्याकडे न्यावेत. जिवाला धोका असल्याचे कुणी सांगितले तर ते गुप्त ठेवता येणार नाही, हे त्या व्यक्तीला सांगून समन्वयकाला ताबडतोब कळवावे.

परत जाण्याची तारीख ठरली की काही आठवडे आधीच सांगावे, आणि शेवटच्या भेटीत पुढच्या स्वयंसेवकाची ओळख करून द्यावी. नंतर पत्र पाठवायचे असल्यास त्या व्यक्तीला विचारून केंद्राच्या पत्त्यावर पाठवावे, कारण बेघरांसाठीची अनेक दिवसकेंद्रे तिथे येणाऱ्यांचे टपाल सांभाळून ठेवतात.