मालकीचे जंगल उक्ते देऊ नका : मार्गशीर्ष ते फाल्गुन करायची कामे

भात झोडून झाले, पेंढा रचून झाला की कोकणात लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या फेऱ्या सुरू होतात. "डोंगर उक्ता किती देणार?" हा पहिला प्रश्न. उक्ता म्हणजे झाडे न मोजता सगळ्या रानाची मिळून एकच रक्कम. त्याला उत्तर देण्याआधी आपल्या रानात नेमके किती लाकूड उभे आहे हे माहीत हवे. बहुतेकांना ते माहीत नसते, आणि उक्त्या सौद्यातला व्यापाऱ्याचा नफा यातूनच येतो. शिवाय उक्ता घेतलेला डोंगर तो साफ करूनच जातो. बुंध्याशी खोड फाटते, बियांची झाडे जातात, पऱ्याकाठची (ओढ्याकाठची) सावली जाते. पुढच्या पावसात जांभ्यावरची वीतभर मातीही वाहून जाते.

मोजणी सोपी आहे. सुतळीचा 5.64 मीटरचा तुकडा घ्या, एक टोक खुंटीला बांधा आणि दुसरे टोक धरून गोल फिरा. आत येते ते 100 चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. या गोलातली छातीच्या उंचीला (1.37 मीटर) 30 सेंटिमीटरहून जास्त घेर असलेली सगळी झाडे जातीसह लिहा. एकरात अशा पाच जागा घ्या: माथ्यावर, मध्ये, पऱ्याजवळ, वाटेकडे, आणि एक मुद्दाम वाईट दिसणाऱ्या भागात. पाच गोलांत 6, 9, 4, 7 आणि 9 झाडे आली तर सरासरी 7. एकरात 40 गुंठे, म्हणून अंदाजे 280 झाडे. माणसांची निवड नेहमी चांगल्या जागेकडे झुकते, म्हणून खुंटी कुठे ठोकायची हे आधी कागदावर ठरवा आणि मग रानात जा.

आता रानाचे कूप, म्हणजे पाळीपाळीने तोडायचे हिस्से, पाडा. बारा एकर असेल तर बारा कूप, दर वर्षी एक. म्हणजे एका ठिकाणी पुन्हा कोयता लागायला बारा वर्षे मिळतात. सात-आठ वर्षांनीच तोड केली तर जळाऊ मिळते, पण वासे-खांब तयार होत नाहीत आणि खोडांची (तोडल्यावर उरणाऱ्या बुडख्यांची) पुन्हा फुटण्याची ताकदही संपत जाते. रान दोन-तीन एकरांचेच असेल तर कूप पाडण्यापेक्षा दर वर्षी ठरावीक झाडे निवडून काढणे बरे.

कुपात काय ठेवायचे ते आधी ठरवा आणि मग काय तोडायचे ते. एकरात निदान 20 मोठी झाडे बियांसाठी राखा, म्हणजे दोन गुंठ्यांमागे एक: सरळ बुंध्याचे ऐन, किंजळ, बिवळा, हिरडा, जांभूळ. ढोली असलेला बेहडा लाकूड म्हणून फारसा कामाचा नसतो, पण धनेश त्यातच घरटे करतो. तो राहू द्या. पऱ्याच्या दोन्ही बाजूंना किमान 10 मीटर पट्टा आणि झऱ्याच्या वरचा उतार कोयत्याला बंद. उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहते की नाही यात या पट्ट्याचाही वाटा असतो.

तोडायच्या झाडावर रंगाच्या दोन खुणा करा, एक छातीच्या उंचीला आणि दुसरी जमिनीलगत मुळापाशी. ही दुसरी खूण महत्त्वाची. झाड गेल्यावर वरची खूण लाकडाबरोबर जाते, खालची खोडावर राहते. खूण नसलेले खोड दिसले की चोरी लगेच कळते. हिशेब तोडीनंतर खोडे मोजून करा, तोंडी नको.

सौदा घनफुटावर किंवा वजनावर करा. घनफुटात पावभागाचा नियम चालतो: मधला घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर 4 फूट आणि लांबी 10 फूट असेल तर 1 × 1 × 10, म्हणजे 10 घनफूट. गोल ओंडक्याचे खरे आकारमान मात्र 12.7 घनफूट भरते. म्हणजे नियमातच घेणाऱ्याला पाचव्या हिश्शाहून जास्त सूट मिळालेली असते. दर ठरवताना हे डोक्यात असू द्या. टेप साल धरून लावला की साल सोडून, हेही आधीच ठरवा.

परवानगीचा अर्ज तोडीच्या बऱ्याच आधी टाका. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, बिवळा, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ ही झाडे आहेत. ती मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना वेगळा. सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना वाचा. तिथे 'खाजगी वन' किंवा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 35(3) ची नोंद असेल तर नुसत्या तोडीच्या अर्जाने भागत नाही. वन कार्यालयात जाऊन ती नोंद कशाची आहे हे आधी पाहून घ्या. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखाकडे हद्दकायम मोजणी मागवा. शेजाऱ्याचे झाड तुमच्या कुपात मोजले गेले तर गुन्हा तुमच्यावर येतो.

तोड पौष-माघात, नवी पालवी फुटण्याआधी करा. जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटरवर कापा आणि काप थोडा तिरका ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी खोडावर साचणार नाही. कोकणच्या पावसात सपाट खोड लवकर कुजते. करवत किंवा कटर वापरा. कोयत्या-कुऱ्हाडीने साल सुटली की फुटवे वरच्या फाटलेल्या कडेला येतात आणि वाऱ्याने मोडतात. बुंध्याजवळ, जमिनीलगत आलेला फुटवाच टिकतो. गेल्या वर्षी तोडलेल्या कुपातले फुटवे याच हंगामात विरळ करा: दहा-बारातले दोन-तीन ठेवा, एकमेकांपासून लांब आणि जमिनीलगतचे. पुढच्या वर्षी त्यातला एक, फार तर दोन. जुन्या जाड खोडाला फूट कमी येते. तिथे पावसाळ्यात बी टोचा किंवा रोप लावा.

कवळीचे, म्हणजे पाल्यासाठी फांद्या छाटण्याचेही असेच. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा पाला-फांद्या जाळून भाजण्यासाठी) ऐन-किंजळ सोलून शेंड्यापर्यंत नेण्याची सवय झाडाला खुंट करते. झाडाचा वरचा तिसरा भाग तसाच राखा, शेंडा कधीही तोडू नका, आणि त्याच झाडाकडे तीन वर्षांनी परता. फांदीला आधी खालून छाट द्या, मग वरून, नाहीतर सालीची पट्टी बुंध्यापर्यंत उतरते. तरवा (भाताची रोपे) राब न भाजताही होतो: गादीवाफा, चांगले कुजलेले शेणखत, आणि बियाणे 3 टक्के मिठाच्या पाण्यात (10 लिटरला 300 ग्रॅम) बुडवून वर तरंगणारे पोकळ दाणे काढून, उरलेले स्वच्छ पाण्याने धुऊन. भाजणीने तणाचे बी मरते, हे खरे. त्यामुळे राब सोडला तर एक खुरपणी वाढते. तेवढा खर्च धरा.

रानमोडी या झुडपी तणाकडे लक्ष द्या. तोडीने ऊन आले की ती पहिली येते, आणि वाळली की वणव्याला फुकटचे इंधन. बी उडण्याआधी, डिसेंबरपर्यंत, ओल आहे तोवर मुळासकट उपटा. नुसती कापली तर फुटते.

वणवा अडवायला जाळरेषा, म्हणजे गवत-पाला काढून साफ केलेला पट्टा, निदान 3 मीटर रुंद, चढावर आणि सड्याच्या (माथ्यावरच्या उघड्या कातळ-माळाच्या) कडेला 5 ते 6. आग वर चढताना जोर धरते, म्हणून उताराच्या खालच्या कडेची रेषा आधी करा. बहुतेकांची चूक इथे होते. डिसेंबरात गवत कापून रेषा साफ होते, पण फेब्रुवारी-मार्चात ऐन-किंजळाची पाने गळून तिच्यावर थर बसतो आणि आग त्यावरून चालत पलीकडे जाते. म्हणून रेषा दोनदा करायची: एकदा गवत कापून, आणि दुसऱ्यांदा शिमग्याच्या आधी खराट्याने पाने झाडून. काजूच्या बागेत शेजारी पाला जाळणार असेल तर त्याच्याशी दिवस ठरवा. सकाळी वारा पडलेला असताना, पाण्याचे कॅन आणि ओल्या डहाळ्या हाताशी ठेवून.

शिमग्याला मुंबईकर घरी येतात. सातबाऱ्यावर दहा सहहिस्सेदार असतील तर पुढच्या कुपाचे संमतिपत्र तेव्हाच सह्या करून घ्या. गणपतीपर्यंत थांबलात तर अर्जाला उशीर होतो. वाटणी करायची झाली तर उत्पन्नाची करा, डोंगराचे उभे तुकडे पाडू नका. एक-दोन एकराच्या पट्टीला ना कूप परवडतो ना जाळरेषा, आणि तीच पट्टी पुढे आधी विकली जाते.