यामाहाची स्टाइल कोर्गवर आणताना

यामाहा, कोर्ग आणि केट्रॉन या कीबोर्ड कंपन्यांच्या चढाओढीत प्रत्येकीने आपला स्टाइलचा, म्हणजे धरलेल्या कॉर्डनुसार आपोआप वाजणाऱ्या साथीचा, फॉरमॅट वेगळा ठेवला आहे. कीबोर्ड बदलला की जमवलेल्या स्टाइल अडकून पडतात. पण यामाहाची साधी स्टाइल फाइल मुळात मिडी फाइलच (आवाज नव्हे, कोणता सूर कधी वाजवायचा याच्या सूचना) असते, सोबत कॉर्डचे नियम सांगणारा एक जादा भाग. ऑडिओ स्टाइलमधलं रेकॉर्डिंग मात्र असं हलवता येत नाही.

फाइलचं एक्स्टेन्शन मिडीचं करून ती सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे मिडी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडा. मार्कर (फाइलमधल्या नावांच्या खुणा) पाहून मेन ए, बी (मुख्य साथीचे प्रकार), फिल-इन (मधली छोटी जोड) असे तुकडे वेगळे करा आणि प्रत्येक तुकडा पहिल्या बारपासून सुरू करा.

आता चॅनल, म्हणजे प्रत्येक वाद्याला दिलेला मिडी क्रमांक. यामाहात 9 आणि 10 वर ऱ्हिदम, 11 वर बेस. कोर्गच्या इम्पोर्टला 9 वर बेस, 10 वर ड्रम, 11 वर पर्कशन लागतं. म्हणून 9 चा ट्रॅक आधी 1 वर ठेवा, 11 चा 9 वर आणा, मग 1 वरचा 11 वर. थेट अदलाबदल केली तर दोन्ही ट्रॅक एकमेकांत मिसळतात. 12 ते 16 जागच्या जागी राहू द्या. फाइल मिडी फॉरमॅट 0 मध्येच सेव्ह करा.

कोर्गच्या स्टाइल रेकॉर्डमध्ये एकेक तुकडा इम्पोर्ट करा; मेन ए व्हेरिएशन 1 मध्ये, बी 2 मध्ये. मूळ कॉर्ड सी मेजर सेव्हन द्या, कारण यामाहाच्या बहुतेक स्टाइल त्याच कॉर्डवर रचलेल्या असतात. हे चुकलं तर प्रत्येक कॉर्ड बेसूर लागते. कॉर्ड बदलली की सूर कसे हलवायचे ते टेबल ठरवतं: स्ट्रिंग्ज-पियानोच्या ट्रॅकला फिक्स्ड टेबल चांगलं. सुरावटीच्या ट्रॅकला पॅरलल.

दोन्ही कीबोर्डमधले आवाजांचे क्रमांक (बँक नंबर) जुळत नसल्याने आवाज सगळे नव्याने निवडावे लागतात. ड्रममध्ये मिडी नोट 35 ते 81 बहुधा जुळतात. त्याबाहेरच्या तपासून हलवा किंवा पुसा.

खरी अडचण गिटारची. यामाहाच्या मेगा व्हॉइस गिटार आवाजांत व्हेलॉसिटी (सूर किती जोरात वाजवला याचा आकडा) म्हणजे नुसता जोर नव्हे: 106 ते 120 ला स्लाइड, 121 ते 127 ला हार्मोनिक वाजतं, आणि अगदी वरच्या नोटांवर तारा घासल्याचे आवाज असतात. साध्या गिटारवर तेच सूर कर्कश, भलत्याच पट्टीत ऐकू येतात. दुरुस्तीत वेळ घालवू नका. तो ट्रॅक काढा आणि कोर्गच्याच गिटार मोडमध्ये (गिटारची साथ बनवण्याच्या सोयीत) नवा वाजवा.