साकवाचा निधी दोन पार्ट्यांच्या भांडणात अडकला तर काय करायचं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे नेहमीचंच झालंय, सत्तेतले म्हणतात त्या वाडीने आपल्याला मतं दिली नाहीत, विरोधक म्हणतात कात्री यांनीच लावली, आणि व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) साकवाची, म्हणजे छोट्या पुलाची, कुजलेली फळी तशीच, पोरं भर पावसात त्याच्यावरनंच शाळेत जातायत. चीड येते खरंच. रस्ता, शाळा, दवाखाना ही कुणाची मेहेरबानी नाही, आपल्याच टॅक्सचे पैसे आहेत.

आधी पैसे कुठे अडलेत ते शोधा. साकवाचा निधी बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीकडून येतो आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, विषय एकच, १५० शब्दांच्या आत. मंजूर किती, वितरित किती, खर्च किती, कपातीच्या आदेशाची प्रत द्या, एवढंच लिहा. "का दिला नाही" विचारत बसू नका, कागद मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

मग ग्रामसभा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते, म्हणून दोन्ही पार्ट्यांच्या घरातल्या बायकांना आधी जाऊन भेटा, साकवावरनं जाणारी पोरं त्यांचीच आहेत ना. ठराव घरूनच लिहून न्या आणि इतिवृत्तात नीट आलाय का ते तिथेच वाचा. हे सगळं दिवाळीच्या आत उरका, ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि टेंडरलाही वेळ लागतो.